लघुलेखक नको म्हणून केलेलं यंत्र

थॉमस एडिसनने फोनोग्राफ तयार केला १८७७च्या अखेरीस. पुढच्याच वर्षी, मे-जून १८७८च्या ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’मध्ये, त्याने या यंत्राचं पुढे काय काय होईल हे सांगणारा लेख लिहिला. यंत्र तेव्हा फारच कच्चं होतं. हाताने फिरवायचा खाचांचा पितळी रूळ, त्यावर गुंडाळलेला कथलाचा वर्ख, आणि बोललं की थरथरणाऱ्या पडद्याला जोडलेली सुई. उमटलेला आवाज चारदोनदा ऐकला की वर्ख झिजायचा, आणि रुळावरून एकदा काढला की पुन्हा धड बसायचा नाही. एवढ्या भांडवलावर एडिसनने दहा उपयोग सांगितले. त्यातला पहिला, आणि त्याच्या मते मुख्य, होता पत्रांचं डिक्टेशन. साहेबाने यंत्रापुढे बोलावं, आवाज उमटलेला वर्ख टपालात टाकावा, पलीकडच्याने तो आपल्या यंत्रावर लावून ऐकावा. याचा फायदा सांगताना त्याने स्पष्ट लिहिलं आहे की पत्र घरी बसून सांगता येईल, मित्राच्या कचेरीत बसून सांगता येईल, लघुलेखक तिथे असण्याची गरज नाही.

मी मुंबईत फोर्टातल्या एका सॉलिसिटर फर्ममध्ये स्टेनो होते आणि तिथूनच निवृत्त झाले. आपला धंदा इतक्या जुन्या लेखात, तोही नको असलेल्या माणसांत गणलेला वाचल्यावर तो लेख तिथेच सोडून देणं मला जमलं नाही. मग त्या यंत्राचं पुढे काय झालं ते मिळेल तिथून वाचत गेले. नवं यंत्र येतं तेव्हा त्यात पैसा कशात आहे हे कोण ओळखतं, हे फोनोग्राफच्या पहिल्या पंचवीस वर्षांत फार तपशिलाने दिसतं. आणि त्या पंचवीस वर्षांत लघुलेखक जागोजागी भेटतात, तेही बऱ्याचदा यंत्राच्या बाजूने.

आधी ती यादी. डिक्टेशनच्या खालोखाल अंधांसाठी बोलणारी पुस्तकं, मग वक्तृत्वाचं शिक्षण. संगीत चौथ्या क्रमांकावर. त्याखाली घरातल्या माणसांचे आवाज, त्यात मरणाऱ्या माणसाचे अखेरचे शब्दही. मग खेळणी आणि वाजणाऱ्या पेट्या, बोलून वेळ सांगणारी घड्याळं, भाषांचे उच्चार जसेच्या तसे जपणं, शिक्षकाने समजावलेला धडा मुलांना पुन्हा ऐकता येणं, आणि शेवटी टेलिफोनला जोडून त्यावरच्या बोलण्याची कायमची नोंद ठेवणं. दहा इंची चौरस पत्र्याच्या एका तुकड्यावर चाळीस हजार शब्दांचं पुस्तक मावेल, असा त्याचा हिशेब होता.

ही यादी वाचताना मला आदरच वाटतो. यातलं जवळजवळ सगळं पुढे झालं. पण कधी, कोणाच्या हातून आणि कोणत्या क्रमाने झालं, ते त्याच्या अंदाजात नव्हतं. क्रमाचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण व्यापार क्रमावर चालतो. दहाव्या गोष्टीसाठी उभारलेली दुकानं पहिल्या गोष्टीवर बसतात किंवा उठतात.

एडिसनने डिक्टेशन पहिलं का घातलं? कचेरीत पैसा होता हे एक कारण. दुसरं मला माझ्या कामामुळे दिसतं. डिक्टेशन म्हणजे साहेब बोलतो आणि समोरचा माणूस ते बोलणं धरून ठेवतो, असं खुर्चीच्या त्या बाजूने वाटतं. आमच्या बाजूने ते काम निराळं असतं. पिटमनच्या पद्धतीत एकच रेघ बारीक काढली तर ‘प’, ठळक काढली तर ‘ब’. स्वर ठिपक्यांचे आणि छोट्या रेघांचे, तेही वेगात बहुतेक गाळलेले. मिनिटाला शंभर-एकशेवीस शब्दांच्या वेगाने पेन्सिल चालते तेव्हा कान पुढच्या शब्दावर असतो, हात मागच्या शब्दावर, आणि डोकं वाक्याच्या अर्थावर. अर्थ हातात नसेल तर उतरवताना ‘प’चा ‘ब’ होतो. साहेब म्हणायचे, “वरचं ते काढा, कालच्या पत्रातलं घाला.” कालचं कुठलं पत्र, त्यातला कुठला परिच्छेद, हे स्टेनोने जाणायचं. पक्षकाराचं नाव चुकीचं सांगितलं तर बरोबर लिहायचं. तारीख रविवारी येत असेल तर हळूच विचारायचं. हे सगळं यंत्राने करावं अशी एडिसनची अपेक्षाच नव्हती, कारण हे काम कोणी करतं हे त्याच्या हिशेबात आलेलं नव्हतं.

लेख लिहून झाल्यावर एडिसन विजेच्या दिव्याकडे वळला आणि फोनोग्राफ जवळजवळ दहा वर्षं पडून राहिला. १८७८च्या जानेवारीत त्यासाठी एक कंपनी निघाली होती. तिने यंत्रं कचेऱ्यांना दिली नाहीत, गावोगावी तिकीट लावून दाखवली. लोक आले, कोंबडा आरवलेला ऐकून चकित झाले, आणि पुन्हा आले नाहीत. वर्खावरचा आवाज तेवढाच होता.

यंत्राला पुन्हा जीव मिळाला तो वॉशिंग्टनमध्ये. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलला टेलिफोनबद्दल फ्रान्सचं व्होल्टा पारितोषिक मिळालं होतं. त्या पैशांवर चालणाऱ्या प्रयोगशाळेत त्याचा चुलतभाऊ चिचेस्टर बेल आणि चार्ल्स समनर टेंटर यांनी वर्खाऐवजी मेण वापरलं. सुई आता मेणात आवाज कोरू लागली. आवाज स्पष्ट झाला, रूळ काढता-घालता येऊ लागला. १८८६मध्ये पेटंट मिळालं आणि यंत्राला त्यांनी ग्राफोफोन म्हटलं.

हे यंत्र बघायला जे आले आणि ज्यांनी त्यात स्वतःचे पैसे घातले, ते होते लघुलेखक.

जेम्स क्लिफेन हा वॉशिंग्टनच्या कोर्टांत काम करणारा रिपोर्टर. या माणसाबद्दल मराठीत कोणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही, म्हणून जरा थांबते. क्रिस्टोफर शोल्सने टाइपरायटर घडवायला घेतला तेव्हा नमुने वापरून पाहायला क्लिफेनकडे पाठवले जात. क्लिफेन ते इतक्या जोराने, इतके तास वापरायचा की ते मोडून पडत. मग काय मोडलं, का मोडलं, हे कडक शब्दांत लिहून कळवायचा. शोल्स वैतागला, पण त्याचा भागीदार डेन्समोर म्हणाला की आपल्याला हवी ती हीच टीका. पुढे क्लिफेनला वाटलं, टाइप करून झाल्यावर छपाईसाठी कोणीतरी पुन्हा एकेक खिळा जुळवतो, ती मेहनत वाचली पाहिजे. त्या मागणीतून बाल्टिमोरच्या ओटमार मर्गेनथालरचं लायनोटाइप यंत्र निघालं. १८८६मध्ये ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’ त्यावर छापून आला. याच काळात क्लिफेनला ग्राफोफोन दिसला.

बोलणं, टाइप करणं, छापणं. तिन्ही ठिकाणी एकच माणूस उभा आहे. तो काही शोधक नव्हता. दिवसभर कोर्टात लिहायचं, आणि रात्री तेच पुन्हा सुवाच्य करून द्यायचं, हे ज्याचं काम, त्याला आपला वेळ नेमका कुठे जातो ते माहीत होतं. शॉर्टहँड घेणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे ते उतरवणं, आणि तेच जास्त वेळ खातं. आमच्याकडे साहेब तासभर सांगायचे. त्याची फेअर कॉपी, चार कार्बनसह, काढायला दुपार जायची. एक अक्षर चुकलं तर चारही प्रतींवर खोडरबर.

क्लिफेन, त्याचा सहकारी अँड्र्यू डिव्हाइन आणि काही जणांनी १८८७मध्ये अमेरिकन ग्राफोफोन कंपनी काढली. डिव्हाइनही सरकारी रिपोर्टरच. कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टला, होव शिलाई यंत्राच्या जुन्या कारखान्यात, ही यंत्रं होऊ लागली, आणि त्यांना पायाने चालवायची पॅडलंही शिलाई यंत्राचीच लागली. आता या मंडळींनी सुचवलेला उपयोग पाहण्यासारखा आहे. सभागृहातलं भाषण यंत्राने टिपावं असं ते म्हणत नव्हते. भाषण माणसानेच शॉर्टहँडमध्ये घ्यावं. मग रिपोर्टरने बाहेर येऊन आपल्या वहीतून ते यंत्राला वाचून दाखवावं, आणि टाइपिस्टने रूळ लावून ते कागदावर उतरवावं. एक रिपोर्टर वाचतोय तोवर दुसरा आत बसलेला. अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये ही पद्धत खरोखर रुळली. एडिसनच्या लेखात लघुलेखक काढून त्या जागी यंत्र बसवलं होतं. इथे लघुलेखकांनी यंत्र आपल्या आणि टाइपिस्टच्या मध्ये बसवलं, आणि आपली रात्र मोकळी केली.

पण मोठा पैसा लावणारा माणूस या बारकाव्यात शिरला नाही. पिट्सबर्गचा जेसी लिपिनकॉट काचेचे पेले करण्याच्या धंद्यात श्रीमंत झालेला. १८८८मध्ये त्याने ग्राफोफोन आणि एडिसनचा सुधारलेला फोनोग्राफ, दोन्हींचे विक्रीहक्क मिळवले आणि नॉर्थ अमेरिकन फोनोग्राफ कंपनी काढली. यंत्र विकायचं नाही, वर्षाला चाळीस डॉलर भाड्याने कचेऱ्यांना द्यायचं. देशभर तीसेक स्थानिक कंपन्यांना इलाखे वाटून दिले. कागदावर योजना उत्तम होती. कचेऱ्यांत यंत्र गेलं आणि परत आलं. एडिसनच्या यंत्राला बॅटरी लागे, ती सांडे आणि संपे. ग्राफोफोनचा रूळ फोनोग्राफवर चढत नसे. ‘स’, ‘श’ हे घर्षणाचे आवाज मेणावर नीट उमटत नसत. अनेकवचनाचा ‘एस’ ऐकू आला नाही तर इंग्रजी करारनाम्यात काय होतं, हे सॉलिसिटरच्या स्टेनोला वेगळं सांगायला नको. आणि ठिकठिकाणच्या लघुलेखकांनी यंत्राला विरोध केला. पोटाची भीती होतीच. पण ज्या यंत्राची ओळखच ‘तुझ्याऐवजी’ अशी करून दिली जाते, ते यंत्र चालवण्याचं काम पुन्हा त्यालाच सांगितलं, तर ते चालावं म्हणून तो जीव तोडून खटपट करील का?

लिपिनकॉट १८९०मध्ये अर्धांगवायूने अंथरुणाला खिळला आणि कंपनी १८९४मध्ये दिवाळखोरीत गेली.

त्याआधीच सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एक गोष्ट घडून गेली होती. लुई ग्लास हा तिथल्या स्थानिक कंपनीचा व्यवस्थापक. भाड्याने न जाणारी यंत्रं त्याच्याकडे पडून होती. २३ नोव्हेंबर १८८९ रोजी त्याने त्यातलं एक पॅले रॉयाल नावाच्या दारूच्या गुत्त्यात नेऊन ठेवलं. यंत्राला डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारख्या ऐकायच्या चार नळ्या, आणि प्रत्येक नळीला नाणं टाकायची स्वतंत्र फट. पाच सेंट टाकायचे, नळी कानाला लावायची, आणि दोनेक मिनिटांचं गाणं ऐकायचं. मे १८९०मध्ये शिकागोला सगळ्या स्थानिक कंपन्यांची पहिली परिषद भरली. ग्लासने तिथे हिशेब मांडला, तोवर त्या पहिल्या यंत्राने हजार डॉलरहून जास्त मिळवले होते. वर्षाला चाळीस डॉलर भाडं देऊन जे यंत्र कोणी ठेवून घेत नव्हतं, त्याच यंत्राने.

एडिसनला हे आवडलं नाही. यंत्राची खेळणं म्हणून ओळख झाली तर कचेऱ्या ते गंभीरपणे घेणार नाहीत, असं त्याला वाटत होतं, आणि धंद्याच्या नियतकालिकातही तीच तक्रार छापून आली. मला त्याची बाजू कळते. इतक्या कष्टाने घडवलेली वस्तू दारूच्या पेल्यांशेजारी ठेवलेली बघून कोणाही कारागिराला वाईट वाटेल. खेळण्याचा त्याचा स्वतःचा अनुभवही कडू होता. १८९०मध्ये त्याने पोटात छोटा फोनोग्राफ असलेल्या बोलक्या बाहुल्या बाजारात आणल्या. दांडा फिरवला की बालगीत म्हणायच्या. आवाज लवकर बिघडायचा, मुलं घाबरायची, आणि काही आठवड्यांतच त्यांची विक्री थांबवावी लागली. यादीतला सहावा उपयोग त्याने स्वतः करून पाहिला तो असा.

माझ्या लहानपणी दादरच्या एका इराण्याकडे ज्यूकबॉक्स होता. वडील महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आम्हा भावंडांना ब्रून मस्का खायला न्यायचे, आणि चार आणे हातात ठेवायचे. फटीत नाणं टाकायचं, बटण दाबायचं, आत एक लोखंडी हात तबकडी उचलून आडवी ठेवायचा. गाण्याआधी ती हालचाल बघण्याचेच पैसे वसूल व्हायचे. ग्लासच्या फटीपासून तिथपर्यंत सत्तर-पाऊणशे वर्षं गेली होती. नळ्या जाऊन कर्णा आला होता आणि मेणाच्या रुळाची तबकडी झाली होती. व्यापार मात्र तसाच होता, एका गाण्यापुरता.

कचेऱ्यांकडून गाण्याकडे वळण्याचं धाडस देशात सगळ्यात पद्धतशीरपणे केलं ते पुन्हा एका लघुलेखकानेच. एडवर्ड ईस्टन हा वॉशिंग्टनचा कोर्ट रिपोर्टर. राष्ट्राध्यक्ष गारफील्डच्या खुन्यावरचा खटला त्याने टिपला होता. १८८९च्या आरंभी त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी लिपिनकॉटकडून वॉशिंग्टन, मेरीलँड आणि डेलावेअरचा इलाखा घेतला. कंपनीचं नाव, डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबियावरून, कोलंबिया. राजधानीत सरकारी कचेऱ्या असल्यामुळे त्यांची थोडी यंत्रं भाड्याने गेली खरी, पण ईस्टन तिथे अडकला नाही. जवळच नौसेनेच्या मरीन दलाचा बँड होता, जॉन फिलिप सूसाच्या हाताखाली. त्याचे रूळ भरून घेतले. जॉन अॅटली नावाचा एक सरकारी कारकून सुरेल शीळ घालायचा, त्याचीही शीळ भरून घेतली. तेव्हा एका रुळावरून हव्या तितक्या प्रती काढण्याची सोय नव्हती. समोर अनेक यंत्रं मांडायची, त्या सगळ्यांत एकदा वाजवायचं, मग नवे रूळ चढवून पुन्हा तेच. अॅटली दिवसभर तीच शीळ पुन्हा पुन्हा घालायचा, आणि त्याला पियानोवर साथ करायचा वॉशिंग्टनचाच एक पोरगा, फ्रेड गेसबर्ग.

हाच गेसबर्ग पुढे एमिल बर्लिनरकडे गेला. बर्लिनरने रुळाऐवजी सपाट तबकडी केली होती, आणि तिच्या साच्यावरून हव्या तितक्या प्रती छापता येत होत्या. १८९८मध्ये गेसबर्ग लंडनला आला आणि १९०२मध्ये ध्वनिमुद्रणाचं सामान घेऊन कलकत्त्यात उतरला. तिथे त्याने गोहरजानचं गाणं तबकडीवर घेतलं. साच्यांवरून तबकड्या छापायला सगळं जर्मनीतल्या हानोव्हरला जायचं. तिथल्या कामगाराला चिठ्ठीवर कोणाचं नाव घालायचं ते कळावं, म्हणून गाणं संपताच गोहरजान इंग्रजीत आपलं नाव सांगते. ते आजही त्या तबकड्यांवर ऐकू येतं. १९०८मध्ये कलकत्त्यात, सियालदाला, कारखानाच निघाला आणि हानोव्हरची फेरी थांबली.

तीन मिनिटांत ख्याल बसवायचा म्हणजे काय, यावर आपल्याकडे संगीताच्या जाणकारांनी पुष्कळ लिहिलं आहे, ते मी पुन्हा सांगत नाही. एवढंच नोंदते की आमच्या घरात अब्दुल करीम खाँ आणि बालगंधर्व आले ते तबकडीतून. आजी नाटकाला कधी गेली नव्हती. तिने नाट्यपदं ऐकली ती शेजारच्या बिऱ्हाडातल्या पेटीवर, दारात उभं राहून. कीर्तनाखेरीज तिने ऐकलेलं गाणं तेवढंच. दाराबाहेर उभी राहणारी ही गिऱ्हाईकं, जी यंत्र विकत घेणार नव्हती पण ऐकायला थांबत होती, ती एडिसनच्या लेखात नाहीत.

यादीतले बाकीचे उपयोग आले, पण ते व्यापाऱ्यांकडून आले नाहीत. आठवा, भाषा जपण्याचा, आपल्याच देशात फार मोठ्या प्रमाणावर झाला. जॉर्ज ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या निमित्ताने १९१३ पासून पंधराएक वर्षं ठिकठिकाणच्या सरकारांनी भारतातल्या भाषा आणि बोलींच्या दोनशेहून जास्त तबकड्या करवल्या. बहुतेक ठिकाणी एकच मजकूर, बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट, त्या त्या बोलीत सांगितलेली. शिवाय एखादी लोककथा किंवा गाणं. त्या कोणी दुकानातून विकत घेतल्या नाहीत, आणि आज त्यांच्याइतकं मोलाचं त्या काळचं दुसरं बोलणं आपल्याकडे नाही. अंधांसाठीची पुस्तकं अमेरिकेत १९३४मध्ये आणि इंग्लंडमध्ये १९३५मध्ये तबकड्यांवर आली, तीही अंधांसाठी आणि युद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या आणि सरकारी ग्रंथालयाच्या पैशावर. लेखातलं एका पत्र्यावरचं पुस्तक काही झालं नाही. एका पुस्तकाला तबकड्यांची चळत लागायची. बोलणारं घड्याळ लंडनमध्ये १९३६ साली सुरू झालं, भिंतीवर नव्हे, टेलिफोनवर. आणि थोरांचा आवाज जपण्याची एडिसनची इच्छा? गोलमेज परिषदेसाठी गांधीजी लंडनला गेले असताना, ऑक्टोबर १९३१मध्ये, किंग्जली हॉलमध्ये त्यांचं ईश्वरावरचं भाषण तबकडीवर घेतलं गेलं. घेणारी कंपनी कोलंबिया. इंग्लंडमधली कंपनी तोवर मूळ अमेरिकन कंपनीपासून वेगळी झाली होती, पण नाव ईस्टनच्या इलाख्याचंच. त्याच महिन्यात तिकडे एडिसन वारला.

निवृत्तीनंतर मी अंधांच्या एका ध्वनिग्रंथालयासाठी मराठी पुस्तकं वाचून देते. तिथे एक गोष्ट समजली. आम्ही जे सावकाश, भाव आणून वाचतो, ते पुष्कळ वाचक दुपटीच्या वेगाने ऐकतात. सवय झाल्यावर त्यांना तोच वेग सुखाचा वाटतो, आणि परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांना तर वेळ हवाच असतो. आमच्या वाचनाचं पुढे काय करायचं ते ऐकणाराच ठरवतो. आता मी शब्द तोडून, स्पष्ट वाचते, म्हणजे वेग वाढवला तरी अक्षर हरवणार नाही. शॉर्टहँडमध्ये शिकलेली शिस्त इथे उपयोगी पडते.

डिक्टेशनचं काय झालं ते सांगायचं राहिलं. ते आलं, पण उशिरा आणि हळूहळू. कोलंबियाने १९०७मध्ये डिक्टाफोन हे नाव नोंदवलं, एडिसनच्या यंत्राला एडिफोन म्हणू लागले. विजेवर चालणारी, बॅटरीचा त्रास नसलेली यंत्रं झाली. दोन्हींबरोबर कागदाच्या पट्ट्या यायच्या. पत्र किती लांब आहे आणि कुठे दुरुस्ती आहे, याच्या खुणा साहेबाने पट्टीवर करायच्या, म्हणजे टाइपिस्टला आधी कळेल. आमच्या फर्ममध्ये लहान कॅसेटचा डिक्टाफोन आला, पायाने थांबवायच्या पॅडलसकट. साहेब घरून रात्री बोलून आणायचे. पहिल्या परिच्छेदात जे सांगितलं ते सहाव्या परिच्छेदात मागे घ्यायचे, आणि तोवर माझं पान चार कार्बनसह टाइप झालेलं असायचं. आमच्या जुन्या हेडस्टेनोंनी साहेबांना सांगितलं, कॅसेटबरोबर एक चिठ्ठी जोडत जा, दुरुस्ती कुठे आहे ती लिहून. या पट्ट्यांबद्दल त्यांना काहीच माहीत नव्हतं. जो हे काम करायला बसेल तो पहिल्या आठवड्यात तीच मागणी करील.

या यंत्रांमुळे स्टेनोची नोकरी गेली नाही. ती दोन ठिकाणी विभागली. साहेबाच्या खोलीत वही घेऊन बसणारी, प्रश्न विचारू शकणारी स्टेनो कमी झाली, आणि मोठ्या कंपन्यांत एका दालनात ओळीने बसून, कानाला नळी लावून, न पाहिलेल्या साहेबांचं बोलणं टाइप करणाऱ्या मुली वाढल्या. त्यांना पगार कमी होता. यंत्राच्या जाहिराती मालकाला हेच सांगायच्या की आता एका मुलीकडून जास्त काम होईल. शॉर्टहँड शिकायला लागणारी दोन वर्षं आता कोणाला लागणार नव्हती, आणि त्या दोन वर्षांची किंमतही कोणी देणार नव्हतं. या बदलाबद्दल मला अजून राग आहे.

त्या डिक्टेशनचे रूळही उरले नाहीत. गाण्याचे रूळ लोकांनी जपले. कचेरीतले रूळ काम झालं की एका छोट्या यंत्रावर चढवून वरचा थर तासायचे, आणि गुळगुळीत मेणावर दुसऱ्या दिवशीची पत्रं. एक रूळ असा अनेकदा वापरला जायचा. ज्या उपयोगासाठी एडिसनने यंत्राची आखणी केली होती, त्याच्या कोट्यवधी शब्दांपैकी ऐकायला मिळतं ते अगदी थोडं.

ऑक्टोबर १९२९मध्ये एडिसनच्या कंपनीने गाण्यांच्या तबकड्या, रूळ आणि घरगुती फोनोग्राफ करणं बंद केलं. रेडिओपुढे आणि बाकीच्या तबकडी-कंपन्यांपुढे तो धंदा टिकला नव्हता. एडिफोन मात्र त्यांनी चालू ठेवला, आणि तो पुढेही बरीच वर्षं कचेऱ्यांत विकला गेला. विकताना त्याची दोन यंत्रं द्यावी लागत, एक साहेबाच्या टेबलावर बोलण्यासाठी, आणि दुसरं टाइपिस्टच्या टेबलावर ऐकण्यासाठी, कारण मेणावरचं बोलणं कागदावर उतरवणारं यंत्र १८७८च्या दहा उपयोगांत कुठेच नव्हतं.